आपट्यावरच्या उंटअळ्या

पायरीवर मोहरी सांडली आहे, असं मला वाटलं. सकाळी दारात रांगोळी काढायला बसले, तर आदल्या संध्याकाळी पुसून घेतलेल्या पायरीवर बारीक काळे दाणे पसरलेले. मोहरी दाराबाहेर कशी येईल, हा विचार काही मी केला नाही. घरात काही सांडलं, हरवलं, उलटं ठेवलेलं दिसलं की ते आमच्या ह्यांनीच केलेलं असणार, असं धरून चालायची मला सवय आहे. मी दाणे हाताने गोळा करून टाकले, रांगोळी काढली आणि आत जाऊन विचारलं, "मोहरीचा डबा घेऊन बाहेर कशाला गेला होतात?"

"मोहरीचं मला काय काम?" हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले.

दुपारी पायरीवर पुन्हा दाणे. या वेळी एक दाणा माझ्यादेखत वरून येऊन रांगोळीत पडला. मी वर पाहिलं. वर माझा आपटा होता, आणि त्याच्या पानांच्या कडा कुणीतरी कात्रीने कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. ज्याला मी मोहरी समजत होते ती अळ्यांची विष्ठा होती. सकाळी मी ती हाताने गोळा केली होती, हे आठवून मी दोनदा साबणाने हात धुतले.

त्या झाडाबद्दल थोडं सांगायला हवं. तांबरमला चार बिऱ्हाडांच्या एका छोट्या इमारतीत आमचं तळमजल्याचं घर आहे. दारापासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत मातीची एक पट्टी आहे, ती आमच्या वाट्याची. आम्ही नवीन होतो तेव्हा चेन्नईतल्या मराठी लोकांत दसऱ्याला आपट्याची पानं मिळवणं म्हणजे मोठं प्रकरण असायचं. पुण्याहून किंवा सोलापूरहून येणारं कुणीतरी गाठायचं आणि त्याच्याबरोबर ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं मागवायची. गाडीत ती काळवंडायची. संध्याकाळी बँकेतले, रेल्वेतले, ह्यांच्या डिफेन्सच्या कारखान्यातले लोक एकमेकांकडे जायचे आणि तीच मलूल पानं हातावर ठेवून 'सोनं घ्या' म्हणायचे. एका वर्षी पानं आलीच नाहीत, तेव्हा नुंगंबाक्कमच्या एका बाईंनी कांचनाची पानं वाटली. दिसायला तशीच असतात. पण मराठी मंडळातल्या दोघी जणी त्यानंतर कितीतरी महिने त्यांच्याशी धड बोलत नव्हत्या.

मला ते सगळं हास्यास्पद वाटायचं आणि पानांवाचून चैनही पडायचं नाही. मग एका उन्हाळ्यात कराडला माहेरी गेले असताना आपट्याच्या चपट्या, काळपट शेंगा रुमालात बांधून आणल्या आणि या पट्टीत बी लावलं. आपटा काही सरळ वाढणारं झाड नाही. खोड वाकडं, साल काळी आणि भेगाळलेली, फांद्या खाली लोंबणाऱ्या. घरी येणारे तमिळ पाहुणे त्याच्याकडे बघून काही बोलत नसत, यावरून त्यांना ते कसं वाटत असेल ते मला कळायचं. पण पानं आली, जोडपानं, हाताला जाडसर लागणारी, आणि दसऱ्याला लोक आमच्या दारी यायला लागले. अड्यारहून येतात, नुंगंबाक्कमहून येतात, कांचनवाल्या बाईसुद्धा येतात. चेन्नईत आपटा मीच आणला, असं मी सांगत असे, आणि मला त्याचा गर्व होता. होता तर होता.

यंदाचा दसरा इथला शेवटचा असणार होता. त्याचं कारणही मीच. लग्न होऊन इथे आले त्या वर्षापासून मी ह्यांच्यामागे भुणभुण लावली होती की नोकरी संपली की परत जायचं. घामाने जीव जातो, भाकरीला धड ज्वारी मिळत नाही, भांडायचं म्हटलं तरी भाषा आड येते. मी शाळेत हिंदी शिकवायचे, म्हणजे दिवसभर तिसरीच भाषा. हे सगळं ऐकून घ्यायचे आणि गप्प बसायचे. मला वाटायचं, ह्या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देतात. तसं नव्हतं. निवृत्तीनंतर ह्यांनी हळूहळू, मला फारसं न विचारता, सगळं जमवून आणलं. मुलाने पुण्यात त्याच्याच सोसायटीत आमच्यासाठी घर बघितलं. इथलं घर घ्यायला एक तरुण जोडपं मिळालं, दोघंही सभ्य, कॉम्प्युटरच्या नोकरीतली. दसरा झाला की घर तुमचं, असा शब्द ह्यांनी त्यांना दिला.

"घे," त्या संध्याकाळी हे मला म्हणाले, "झाली एकदाची तुझी इच्छा पुरी."

आणि त्याच क्षणी मला कळलं की मला जायचं नाही.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. कोणत्या तोंडाने सांगणार? आयुष्यभर ज्यासाठी हट्ट धरला ते माणसाने हातात आणून ठेवलं, आणि आता नको म्हणू? मी हसले, देवापुढे साखर ठेवली आणि मुलाला फोनवर पडद्यांचे रंग सांगितले. पण सकाळी पायरीवर बसले की तिथून उठवत नसे. रस्त्याने जाणारी जाडजूड मिशीवाली माणसं 'मिस, सौख्यमा?', बऱ्या आहात ना, म्हणून विचारायची. कधीकाळी माझ्याकडे हिंदी शिकलेली ती पोरं. वरच्या मजल्यावरच्या अक्का खाली वाकून माझी रांगोळी बघायच्या. पुण्यात माझ्या रांगोळीकडे कोण बघणार होतं?

तर अशा मनःस्थितीत मी असताना अळ्या आल्या. दसरा तोंडावर होता आणि मला यंदा तरी घरचं सोनं हवंच होतं. तेवढं एक नीट पार पाडून, सगळ्यांच्या हातावर पान ठेवून जायचं, असं मी ठरवलं होतं.

मी बादलीत साबणाचं पाणी केलं, चिमटा घेतला आणि स्टुलावर चढले. पहिली पाच मिनिटं मला एकही अळी दिसली नाही. खाल्लेली पानं दिसत होती, खाणारं कुणी दिसत नव्हतं. एका फांदीला फुटलेली वाळकी काडी हाताशी आली, ती मोडावी म्हणून मी धरली, तर काडी माझ्या बोटावर वाकली. मी स्टुलावरून पडायचीच राहिले.

"अहो," मी हाक मारली, "काड्या जिवंत आहेत."

हे बाहेर आले आणि तिथेच आमच्या घरातली शिस्त बिघडली. ह्यांची सगळी नोकरी तपासणी विभागात गेली. तयार झालेला भाग मापात आहे की नाही ते बघायचं, केसाएवढा फरक असेल तर परत पाठवायचा. घरी एक व्हर्नियर कॅलिपर आहे, मापाची ती जबड्यासारखी पट्टी. निवृत्त झाल्यावर त्याला काम उरलं नव्हतं. मध्यंतरी हे माझ्या पोळ्यांची जाडी मोजायला लागले होते, तेव्हा मी दोन दिवस पोळ्याच केल्या नाहीत. आता ह्यांनी भिंग आणलं, व्हर्नियर आणलं, आणि मी चिमट्यात पकडलेली अळी पाण्यात सोडायच्या आधी म्हणाले, "थांब जरा."

त्या 'थांब जरा'त तो दिवस गेला.

खरं सांगायचं तर बघण्यासारखं होतं. अळीला पुढे तीन जोड्या पाय असतात आणि अगदी मागे दोन, मधल्या अंगाला काहीच नाही. त्यामुळे तिला सरपटता येत नाही. पुढचे पाय रोवायचे, मागचे उचलून थेट त्यांच्या शेजारी आणून ठेवायचे, पाठीची कमान होते; मग पुढचं अंग लांब करायचं. आमच्या कराडकडे शेतात अशा अळीला उंटअळी म्हणतात, त्या कमानीवरून. आणि धोका वाटला की ती मागच्या पायांनी फांदी घट्ट धरून बाकीचं अंग तिरकं हवेत ताठ करते. रंग सालीसारखा करडा-तपकिरी, अंगावर डोळे असावेत तसे उंचवटे. शेजारच्या खऱ्या काडीत आणि तिच्यात मला तरी फरक सांगता आला नसता. सगळ्याच अळ्या मात्र तशा नव्हत्या. बारक्या होत्या त्या काळ्या कुळकुळीत, अंगावर आडव्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा. त्या धाग्याला लोंबकळून वाऱ्याबरोबर एका फांदीवरून दुसरीवर जात. एक तर पोस्टमनच्या खांद्यावर बसून फाटकापर्यंत गेली. ह्यांच्या म्हणण्याप्रमाणे काळ्या आणि करड्या एकाच जातीच्या, फक्त वय वेगळं.

ह्यांनी फोटो काढून मोबाइलवर शोधाशोध केली आणि संध्याकाळपर्यंत नाव आणलं, हायपोसिड्रा टलाका. जेवताना मला तीनदा म्हणून दाखवलं. चहाच्या मळ्यांत हिचा फार त्रास असतो म्हणे. चहा खाते, आंबा खाते, पेरू खाते, रानातली कितीतरी झाडं खाते.

"म्हणजे पथ्य काहीच नाही," मी म्हणाले. "मग माझाच आपटा कशाला हवा होता?"

"तुझा आहे हे तिला कसं कळणार?" हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातल्या शेतीच्या दुकानातून औषधाची बाटली आणली. ह्यांनी ती हातात घेऊन बारीक अक्षरातला सगळा कागद वाचला आणि कपाटावर ठेवून दिली. "फवारलेली पानं लोकांच्या हातावर ठेवणार तू? देवापुढे ठेवतात लोक ती. लहान मुलं तोंडात घालतात." मग मी कडुलिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात कालवून शिंपडलं. अळ्यांनी थोडा वेळ खाणं थांबवलं आणि मग पुन्हा सुरू केलं. चिमट्याने वेचायचं म्हटलं तर हे भिंग घेऊन मध्ये उभे. मी चिडले, बोलले, दोन दिवस अबोलाही धरला. ह्यांना अबोला कळायला हवा ना. अबोल्यातही येऊन सांगायचे की अमुक फांदीवरची आज कात टाकून मोठी झाली.

दसऱ्याला आठवडा उरला असताना झाडावर शिरा तेवढ्या राहिल्या होत्या. मी पायरीवर बसून रडले. अळ्यांसाठी किंवा पानांसाठी नव्हे, ते मला माहीत होतं. हे शेजारी येऊन बसले आणि व्हर्नियर उगीच उघडत-मिटत राहिले.

मग एके सकाळी अळ्या दिसेनाशा झाल्या. पायरीवर मोहरी नाही, फांद्यांवर काड्या नाहीत. मला वाटलं, खायला उरलं नाही म्हणून गेल्या दुसरीकडे. ह्यांनी चहाचा चमचा घेतला आणि खोडाजवळची माती हलकेच उकरली. बोटाच्या एका पेराएवढाही नसेल असा, चकचकीत तपकिरी, एका टोकाला निमुळता कोष मातीत पडलेला होता. ह्यांनी तो तळहातावर घेतला तसा तो शेपटाकडून वळवळला.

"सगळ्या इथेच आहेत," हे म्हणाले. "खाली गेल्यात. आता पंख घेऊनच वर येणार."

ह्यांनी तो होता तिथे ठेवला आणि माती चमच्याने परत सारखी केली. तो चमचा मी भांड्यांत पुन्हा घेतला नाही.

त्या दुपारी वरच्या अक्का खाली आल्या. अक्का तंजावरच्या मराठी घराण्यातल्या, ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या घराण्याला तमिळ मुलखात येऊन तीनशे वर्षं झाली असं त्या सांगतात, आणि त्यांचं मराठी ऐकताना आपल्या पणजीच्या पणजीशी बोलतोय असं वाटतं, मध्येमध्ये तमिळ घातलेलं. पानं गेली, आता दसऱ्याला काय करायचं, असं मी त्यांच्यापाशी म्हटलं. पुण्याहून कुणी येतंय का विचारते, असंही म्हटलं.

"पुण्याहून कशाला ग?" अक्का म्हणाल्या. "एरीच्या काठीं देऊळ आहे, तेथें आहे की मोठें झाड."

"कसलं झाड?"

"हेंच. आत्ती मरम्." त्यांनी काठीने माझ्या बोडक्या आपट्याकडे दाखवलं. "आमच्या गावींही देवळांत होतें. पूर्वीं चोळ राजे ह्याच्या फुलांची माळ घालत."

मी म्हणाले, "अक्का, हा आपटा आहे. मी कराडहून आणलाय."

"आणलास, सरि. कोण नको म्हणतें?" अक्का शांतपणे म्हणाल्या. "आमचे लोक येथें आले तेव्हां हें येथेंच होतें. तुम्ही माणसं गाडींतून पानं आणवीत होतां, तेव्हां मला वाटे, तुमच्यांत तशी रीत असेल."

इतकी वर्षं. ओली फडकी, पुण्याहून येणारे लोक, काळवंडलेली पानं, कांचनवाल्या बाईंशी धरलेला अबोला. आणि झाड इथलंच. अक्कांनी ते कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. मला आधी लाज वाटली, मग हसू आलं, आणि ते आवरेना. अक्काही हसायला लागल्या, त्यांना कारण कळलं होतं की नाही कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं स्कूटरवरून तिथे गेलो. एरी म्हणजे तलाव. तांबरमच्या आसपास ते बरेच आहेत, काहींत पाणी आहे, काहींत इमारती. या एरीत पाणी होतं. बांधावर लहानसं शंकराचं देऊळ आणि देवळामागे पार बांधलेलं झाड. काळी भेगाळलेली साल, लोंबत्या फांद्या, जोडपानं. माझ्या झाडाच्या तिप्पट घेर. खोडाला हळदीचा हात लावलेला होता. माझ्या आपट्याला मी कधी हळदीचं बोटही लावलं नव्हतं.

ह्यांचं तमिळ कारखान्यात शिकलेलं आहे. त्यात व्याकरण नाही, पण कुठे अडतही नाही. ह्यांनी पुजाऱ्यांना सगळं सांगितलं, आमचा सण, पानाला सोनं म्हणतात ते, अळ्या, सगळं. पुजारी अळ्यांपाशी जास्त रमले. मग त्यांनी स्वतःच्या हाताने थोड्या फांद्या उतरवल्या, देवापुढे ठेवून आणल्या आणि मला दिल्या. तोवर हे झाडाभोवती फिरत होते. एका खालच्या फांदीपाशी थांबले आणि त्यांनी मला खूण केली. एक काडी जरा जास्तच ताठ उभी होती. मी बोट लावलं तशी ती वाकली.

"बघ," हे म्हणाले. "हिचंही घर इथलंच."

मी ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं. हे अळीकडेच बघत होते.

दसरा झाला. सगळे आले, आणि मी सगळ्यांना सांगितलं की हे सोनं एरीच्या काठचं आहे, आपण उगीच गाड्यांतून पानं मागवत होतो. काहींना ते आवडलं नाही. एका गृहस्थांनी, आपल्याकडच्या मातीतला आपटा वेगळाच, असं मला ऐकवलं. कांचनवाल्या बाईंनी मात्र पान हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तेव्हा मी इथे नुसतं कुणाला विचारलं असतं तर?" मी त्यांना दोन पानं जास्त दिली. जाताना सगळे आम्हाला निरोपाचं बोलून गेले. पुण्याला आलो की भेटू, म्हणाले. मी प्रत्येकाला हो म्हटलं, आणि दार लावून घेतल्यावर आत जाऊन पाणी प्यायले.

दोन दिवसांनी घर घेणारं जोडपं आलं, सोबत फरशीवाला. त्यांच्याकडे गाडी होती आणि ती दारात लावायची म्हणजे ही मातीची पट्टी फरशीखाली जाणार, हे आधीच ठरलेलं होतं. झाडही जाणार होतं. ते मला माहीत होतं आणि मी त्याचा विचार करायचा नाही असं ठरवलं होतं. फरशीवाल्याने टेप काढली. तेवढ्यात हे बाहेर आले आणि पट्टीच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

"थोडे दिवस थांबावं लागेल," हे घर घेणाऱ्या तरुणाला म्हणाले. "खाली मंडळी आहेत."

त्याने विचारलं, कोण मंडळी? हे त्याला खोडापाशी घेऊन गेले, चमच्याने माती बाजूला केली आणि कोष दाखवला. फरशी टाकली तर त्यांना वर येता येणार नाही, म्हणाले. किती दिवस, त्याने विचारलं. ते नक्की सांगता येणार नाही, हे म्हणाले. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात 'नक्की सांगता येणार नाही' हे वाक्य वापरलं नव्हतं, तो ते इतक्या सहज बोलला की मी दाराची चौकट धरून नुसती बघत राहिले.

तो तरुण हसला नाही, ते मला आवडलं. पण त्याच्या बायकोने मऊ शब्दांत अडचण सांगितली. मार्गळी महिन्यात, म्हणजे आपल्या मार्गशीर्षाच्या सुमारास, त्यांच्यात नव्या घरात जात नाहीत, त्याच्या आत सगळं काम उरकायला हवं होतं. रोज थोडा थोडा उशीर करून त्यांना चालणार नव्हतं. हे म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण मी आत्ता नाही देऊ शकत." शब्द मोडणं ह्यांना फार जड जातं. त्या दिवशी हे जेवले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्या दोघांनी आमच्याच रस्त्यावरचं पलीकडचं घर ठरवलं आणि स्वतः येऊन सांगून गेले. तिथे गाडीला जागा आधीच होती.

मला राग आला होता, हे लपवून काय करू? मी इतकी वर्षं जे मागितलं ते ह्यांनी दिलं, आणि जे मी मागू शकत नव्हते ते ह्यांनी किड्यांसाठी एका सकाळी करून टाकलं. पण रागाच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं. मी ते दाबून ठेवलं. घर विकायला दुसरं गिऱ्हाईक मिळेलच की, असं मी स्वतःला सांगत राहिले. पुण्याहून मुलाचे फोन येत होते. आई, नेमकं काय चाललंय तुमचं? मी काहीबाही सांगत होते.

पाऊस सुरू झाला, इथला दिवाळीच्या आगेमागे येणारा, आणि पट्टीतली माती मऊ झाली. बोडक्या फांद्यांवर कोवळी पानं डोकावायला लागली. एका संध्याकाळी दिवा लावला, तर पायरीशेजारच्या भिंतीवर एक पतंग बसलेला. पंख पसरून भिंतीला चिकटवलेले, वाळलेल्या पानाच्या रंगाचे, त्यांवर नागमोडी गडद रेघा, पुढच्या पंखांची टोकं आकड्यासारखी वळलेली. ती मादी, हे म्हणाले. नर लहान आणि जास्त काळपट, आणि त्याच्या मिशा कंगव्यासारख्या. सुंदर म्हणावं असं त्यात खरोखर काही नव्हतं. रांगोळीत असा पतंग पडला असता तर मी पाचोळा म्हणून उचलून टाकला असता. पण त्या संध्याकाळी आणि पुढच्या काही संध्याकाळी आम्ही दोघं खुर्च्या बाहेर टाकून बसलो. अक्कांनाही खुर्ची दिली. मातीतून वर येऊन, भिंतीवर थांबून, पंख वाळवून एकेक पतंग उडून जात होता. व्हर्नियर हे घरातच ठेवून आले होते.

मग भिंत रिकामी झाली. शेवटचे पतंग गेले त्याच्या दुसऱ्या सकाळी मी मोबाइल हातात घेऊन पायरीवर उभी होते. हे झाडापाशी, खोडाला नाक लावून.

"गेले सगळे," मी म्हणाले. "आता काय? मुलगा विचारतोय, कधी येताय."

ह्यांनी हातानेच मला बोलावलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. सालीच्या एका भेगेत, पाण्याचा थेंबही शिरणार नाही अशा फटीत, हिरवट-निळे बारीक दाणे एकमेकांना चिकटून बसले होते.

"त्याला सांग," हे म्हणाले, "अंडी घातलीत."

मी भिंग परत दिलं, फोन लावला आणि ह्यांनी सांगितलं तसंच्या तसं सांगितलं. कुणी, कुठे, कशाची, यातलं मुलाने काहीच विचारलं नाही.

"आई," तो म्हणाला, "तुला यायचं नाहीये ना?"

मी झाडाकडे पाहिलं. ह्यांनी मान वर केली नव्हती, पण भिंग डोळ्यापासून खाली आलं होतं.

"नाही," मी म्हणाले. जरा मोठ्याने म्हणाले, झाडापाशी ऐकू जावं म्हणून.